डोळे उघडे असलेला फोटो

आमच्या घरी फोटोवाला यायचा तो एकाच प्रसंगाला. लग्नाला नाही, बारशाला नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला, म्हणजे लिंगैक्य झाला, की त्याला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. कपाळाला विभूती, गळ्यात हार, अंगावर नवं वस्त्र आणि भोवती घरची माणसं. मग कुणीतरी सायकल काढून स्टुडिओकडे जायचं आणि फोटोवाला तीन पायांचं स्टँड खांद्यावर टाकून यायचा. सोलापुरातल्या आमच्या गल्लीत ज्या ज्या भिंतीवर थोरामोठ्यांचे फोटो होते, ते बहुतेक असेच काढलेले. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. जिवंतपणी माणूस समोर दिसतोच आहे, त्याचा फोटो कशाला, असा साधा हिशेब.

माझे वडील गेले तेव्हा मी तीन वर्षांची होते. भिंतीवरच्या फोटोत ते टक्क उघड्या डोळ्यांनी बघत. आता गेलेल्या माणसाचे डोळे उघडे कसे असतील? पण मोठा फोटो करताना स्टुडिओतच बारीक ब्रशनं डोळे काढून घ्यायची तेव्हा पद्धत होती. नातेवाईक आले की फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघून म्हणत, "पोरीनं डोळे अगदी बापाचे घेतलेत." मी खूश व्हायची. आतून भाकरी थापता थापता आई म्हणायची, "ते डोळे त्यांचे न्हवंतच." मग कसे होते, असं मी तिला शंभरदा विचारलं असेल. ती थोडा विचार करायची आणि म्हणायची, "चांगले होते की." वडिलांच्या डोळ्यांबद्दल मला मिळालेली माहिती एवढीच.

बहात्तरच्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली असतील. मी हायस्कुलात भूगोल शिकवत होते. घरात आम्ही दोघीच, मी आणि अव्वा. आईला मी अव्वाच म्हणायची. आमच्या घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेली असे. त्या वर्षी अव्वाला दम लागायला लागला. देवळाच्या तीन पायऱ्या चढली तरी कठडा धरून उभी राहायची. डॉक्टरांनी मला एकटीला बोलावून सांगितलं की हृदय कमजोर आहे, जपा, किती दिवस ते आम्हाला सांगता येत नाही. त्या संध्याकाळी काका आले होते. मी त्यांना म्हटलं, अव्वाचा एक फोटो काढून ठेवायला हवा. सुपारी कातरता कातरता काका म्हणाले, "काढू की. वेळ आली म्हंजे बोलवूच फोटोवाल्याला."

काकांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण माझा राग तसा नाकावरच असायचा. चहाची कपबशी मी अशी काही आदळली की बशीचा टवका उडाला. मला अव्वाचा फोटो हवा होता तो ती चालतीबोलती असताना, तिच्या स्वतःच्या डोळ्यांसकट. नाहीतर उद्या कुणी परका माणूस ब्रश घेऊन बसणार, आणि पुढं जन्मभर मी कुणाला तरी सांगत राहणार की हे तिचे डोळे नव्हेत, पण कसे होते ते सांगता येत नाही.

स्टुडिओत चल म्हटलं तर अव्वा म्हणाली, "ब्याड, ब्याड." ब्याड म्हणजे नको, आणि दोनदा ब्याड म्हणजे पुन्हा विचारू नको. तरी मी विचारलंच. तेव्हा तिनं एकदाच, माझ्याकडे न बघता सांगितलं, "त्यांच्या शेजारी मला बसवलं हुतं. फोटोवाला म्हनला, बाई, हलू नका, रडू नका, फोटो हलंल. मी हलले न्हाय. आता पुन्ना त्या डब्याम्होरं मला बसवू नगंस." म्हणून मी ठरवलं की कॅमेरा आपलाच पाहिजे, आणि फोटो तिच्या नकळत काढायचा.

कॅमेरा मिळाला तो शाळेतच. नकाशे आणि फुटका पृथ्वीगोल ठेवायच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर तो पडला होता. पुस्तकासारखा मिटणारा. झाकण उघडलं की काच पुढं येते आणि मागं चामड्याचा घड्याघड्यांचा भाता पसरतो, त्या जातीचा. कुणी आणला, कधी आणला, कुणालाच ठाऊक नव्हतं. हेडसरांना विचारलं तर म्हणाले, "न्या, बाई. झुरळांचा संसार आहे त्यात, तेवढा मोडू नका म्हणजे झालं." संसार मी मोडला. काच पुसली, डबा घासला, गंज खरवडला. पण खटका दाबला तर आतली पाती हलेना, आणि भात्याची तर चाळण झालेली. आत टॉर्च लावला की घडीघडीतून उजेड बाहेर.

बाजारपेठेच्या मागच्या बोळात एका चाचांचा फोटो स्टुडिओ होता. सत्तरीला आलेले, मेंदी लावलेली दाढी, दखनी बोलणारे. त्यांनी लायटरचं पेट्रोल काडीनं थेंब थेंब सोडून खटका मोकळा केला. जुना कॅमेरा बघून त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झालेला दिसत होता. भात्याकडे मात्र त्यांनी मान हलवली. "ये मेरे से नै होता, बेटी. पेटीवाले कू दिखाओ."

बाजाची पेटी दुरुस्त करणारे हे गृहस्थ चार दुकानं टाकूनच बसत. भजनी मंडळांच्या पेट्या सगळ्या त्यांच्याकडे. त्यांनी माझा कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला, भाता दोन बोटांनी ताणला, आणि जणू एखादं तान्हं पेटीचं पिल्लू हातात आलं असावं तसे हसले. "लई बारीक काम हाय, मास्तरीणबाई. पण हुईल. घाई करायची न्हाय." घाई करायची नाही म्हणजे काय, ते मला तीन आठवड्यांत कळलं. मी रोज शाळा सुटली की त्यांच्या दारात. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, असं ते मला तोंडावर म्हणायचे, आणि पुन्हा कातडं चिकटवायच्या सरसाच्या भांड्याकडे वळायचे. बकऱ्याचं पातळ कातडं, आतून काळं कापड, घडी घडी दाभणानं दाबून बसवलेली. शेवटी त्यांनी मागच्या तोंडावर तळहात घट्ट धरला आणि भाता ओढून दाखवला. तो ओढला जाईना. "बगा," ते म्हणाले, "वाऱ्याचा टिपूस जायचा न्हाय." पैसे मात्र त्यांनी फक्त कातड्याचे घेतले. असलं काम पुन्हा कोण आणून देणार, म्हणाले.

रोल तेव्हा सहज मिळत नसे. चाचांनी काउंटरखाली जपून ठेवलेला एक दिला. आठ फोटोंचा. मी मोठ्या तोऱ्यात फिरले. तलावाच्या काठाचा एक, शाळेचा एक, शेजारच्या तेलुगू विणकर मावशींचा चादरीच्या गठ्ठ्यावर बसलेला एक, पेटीवाल्यांचा त्यांच्या दुकानात एक. प्रत्येक वेळी फोटो काढला की लगेच किल्ली फिरवून फिल्म पुढं घ्यायची, कॅमेरा मिटायचा आणि पुढच्या वेळी झटक्यात उघडायचा. झाकण खाडकन उघडून काच पुढं आली की बघणारे दचकायचे. मला ते फार आवडायचं.

आठवा फोटो अव्वाचा. ती शेंगदाणे पाखडत बसली होती. मी दारामागून नेम धरला आणि खटका दाबला, पण त्याच क्षणी ती सूप घेऊन उठली आणि वळली. खटक्याचा आवाज तिनं ऐकला. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. रात्री ताट माझ्यापुढं सरकवलं तेही न बोलता. ताकाला जाऊन भांडं लपवलं, त्याची शिक्षा.

रोल धुऊन आला आणि मी स्टुडिओत उभ्या उभ्या पेटले. आठही फोटो वाया. पेटीवाल्यांच्या मागची खुंटी स्वच्छ, खुंटीवरची टोपी स्वच्छ, आणि मधोमध त्यांचा चेहरा पाण्यात बुडवल्यासारखा. विणकर मावशींच्या चादरीची किनार मोजून घ्यावी इतकी छान, आणि मावशी धुक्यात. मी चाचांना नाही नाही ते बोलले. धुताना तुम्हीच घोळ घातला, म्हातारपणी दिसत नसेल तर सांगायचं होतं, हेसुद्धा बोलले. आज आठवलं तरी कानशिलं तापतात. चाचांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "धुलाई में बिगडता तो पूरा बिगडता. किनारा कैसा साफ आया?"

त्यांनी कॅमेरा घेतला, मागचं दार उघडून फिल्मच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद बसवला, आणि पुढचं झाकण मी उघडायची तसंच खाडकन उघडलं. कागदाचं पोट आत ओढलं गेलं. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा तेच. भाता इतका घट्ट झाला होता की झटक्यात उघडला की त्याला वारा कुठूनच मिळत नव्हता, आणि तो मागची फिल्मच ओढून घेत होता. कडा चाकोरीत धरलेल्या म्हणून जागच्या जागी, मधला भाग मात्र फुगलेला. कॅमेऱ्याच्या भात्यातून उजेड गेला नाही की पुरे, थोडा वारा गेला तरी चालतो. पेटीवाल्यांनी मात्र आयुष्यभर वाराच अडवला होता. तो त्यांनी इथंही चोख अडवला.

मी तरातरा चार दुकानं ओलांडली. पेटीवाल्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "म्हंजे वारा सुटत न्हाय. मग काम चांगलंच झालं की." मी म्हटलं, कुठंतरी सुईनं एक भोक पाडा. तेव्हा मात्र ते गंभीर झाले. "माज्या हातानं चांगल्या भात्याला भोक? ते न्हाय जमायचं, बाई. दुसरं काय बी सांगा." थोड्या वेळानं म्हणाले, "पन तुमी हिसकून का उगडता? पेटी कोन हिसकून उगडतंय व्हय? सावकाश उगडा की. तिला वारा घिऊ द्या."

उपाय एवढाच होता. कॅमेरा हळूहळू उघडायचा, आणि उघडून झाल्यावरच किल्ली फिरवून फिल्म ताणायची. दोष अर्धा त्यांच्या हातगुणाचा होता आणि अर्धा माझ्या स्वभावाचा, आणि त्यातला माझा अर्धा काढणं सोपं होतं. मी परत स्टुडिओत गेले आणि चाचांची माफी मागितली. माफी मागायची मला सवय नव्हती, त्यामुळं ती चार शब्दांतच संपली. चाचा हसले नाहीत. ते भिंग लावून आठवा फोटो बघत होते.

त्या फोटोत मधोमध अव्वाची वळलेली पाठ, धूसर. पण कडेला भिंत होती, आणि भिंतीवरचा वडिलांचा फोटो स्वच्छ आला होता. चाचांनी भिंग खाली ठेवलं. "ये मेरा हात है, बेटी," ते म्हणाले. तो फोटो त्यांनीच काढला होता. आमचं घर, बसवलेले वडील, शेजारी अव्वा, सगळं त्यांना आठवत होतं. मोठा फोटो करताना घरच्यांनी सांगितलेलं, डोळे उघडे करा. तेव्हा फोटो फिल्मवर नाही, काचेच्या तुकड्यावर उतरायचा. "मैं तो उनकू कभी देखा नै था. आँखें कां से लाता? काच पर बाजू में तुम्हारी अम्मा बैठी थी. सीधा देख रई थी, पलक नै हिलाई. उसी में से देख के बनाया."

मी फोटो पिशवीत घातले आणि घरी निघाले. वाटलं, हे अव्वाला सांगू नये. मग वाटलं, तिच्यापासून लपवायचं तरी का, डोळे तिचेच तर आहेत. चुलीपाशी बसून मी तिला सगळं सांगितलं.

अव्वा उठली. पाट घेऊन त्यावर उभी राहिली आणि वडिलांच्या फोटोची काच पदरानं पुसली. मग फडताळातला हाताएवढा आरसा काढला. विभूती लावायलासुद्धा ती आरसा कधी घेत नसे, बोटांना सवय होती. आरशात बघितलं, फोटोत बघितलं, पुन्हा आरशात. मी तिला धरायला उठले, मला वाटलं आता तिला दम लागणार. दम लागला, पण हसून. पाटावर मटकन बसून ती हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"म्हंजे इतकी वर्सं मीच माज्याकडं बगत हुते व्हय," ती म्हणाली. "आन् मी रोज म्हंते, हे कोन, बाई."

मी भाकरी उलटली. ती म्हणाली, "माजे त्यांना लावले. आता माज्या फोटोला कुनाचे लावनार?"

"म्हणून तर मी मागं लागलेय," मी म्हटलं.

"काढ, तूच काढ. पन मला हलू नगंस म्हनायचं न्हाय."

चाचांनी दुसरा रोल दिला आणि एक युक्तीही शिकवली. भर उन्हात, अंगणात, खटका जलद ठेवून काढलं तर माणूस हलला तरी चालतं. मी शिवणाची टेप घेऊन उखळापासून कॅमेऱ्यापर्यंतचं अंतर मोजलं. ती शेंगदाण्याची चटणी कुटायला बसली होती. पेटीवाल्यांचा आवाज कानात धरून झाकण मी हळू, अगदी हळू उघडलं. मग किल्ली फिरवली, पाठीमागच्या लाल काचेच्या खिडकीत फिल्मचा आकडा येईपर्यंत.

अव्वा ठरल्याप्रमाणे हलत होती. तिखट कमी पडलं म्हणत होती, शेजारच्या मावशींना हाक मारत होती, मला शिकवत होती की बाईमाणसानं असं गुडघ्यावर बसू नये. मी एकदाही तिला थांब म्हटलं नाही. शेवटी तिनं मुसळ बाजूला ठेवलं, सरळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "झालं का न्हाय अजून? साकु आता." साकु म्हणजे पुरे. मी खटका दाबला.

तो फोटो आला. तोंड अर्धं उघडं, एका गालाला तिखट लागलेलं, कपाळावरची विभूती घामानं ओघळलेली, आणि डोळे. रागावलेले, हसू दाबलेले, माझ्याकडे बघणारे. चाचांनी मोठा करून दिला तेव्हा विचारलं, गालावरचा डाग ब्रशनं काढून टाकू का? मी नको म्हटलं. अव्वानं फोटो बघून एवढंच म्हटलं की पदर नीट घेतला असता. पण शेजारणी आल्या की तीच तो ट्रंकेतून काढून दाखवायची.

त्यानंतर गल्लीतल्या म्हाताऱ्या एकेक करून माझ्याकडे यायला लागल्या, आमचाबी काढ म्हणून. मी काढले. कुणाला हलू नका म्हटलं नाही. पेटीवाल्यांचा तर तीनदा काढला, कारण पहिल्या वेळी त्यांचा चेहरा बुडवल्याचं ऋण होतं. चाचा आणि पेटीवाले, या दोन माणसांनी माझ्याकडून काही मागितलं नाही. एकानं माझी बोलणी खाल्ली, दुसऱ्यानं माझी घाई सोसली. आज कृतज्ञता म्हटलं की मला सरसाचा वास येतो आणि लायटरच्या पेट्रोलचा.

अव्वा अजून चार वर्षं राहिली. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. एका सकाळी विभूती लावून बसली होती, तशीच भिंतीला टेकली. दुपारपर्यंत सगळे जमले, तिला बसवलं, हार घातला. दोन बायका मला धरून होत्या. काकांनी डोळे पुसले आणि कुणाला तरी म्हणाले की आता फोटोवाल्याला निरोप धाडा.

निरोप जायच्या आधीच चाचा दारात उभे होते. त्यांना बाजारात कळलं होतं. चपला काढून ते आत आले आणि कोपऱ्यात सतरंजीवर बसले. आमच्या गल्लीत असल्या दिवशी ते कितीतरी घरांत आले असतील, पण बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. काकांनी त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "चाचा, कॅमेरा कुटं हाय?"

"लाया नै," चाचा म्हणाले. "बहन का फोटो निकला हुआ है, काका. बेटी ने निकाला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रंक उघडली आणि फोटो त्यांच्या हातात दिला. ते खूप वेळ बघत राहिले. मग त्यांनी तो आला-गेला बघेल असा उंबऱ्याजवळ भिंतीला टेकवून ठेवला, आणि येणारा प्रत्येक जण आधी तिच्या मिटलेल्या डोळ्यांना हात जोडायचा आणि जाताना तिच्या उघड्या डोळ्यांकडे बघून थोडं हसायचा. अव्वाला त्या दिवशी कुणी हलू नका म्हटलं नाही. मलाही रडू नको म्हटलं नाही.